घरी परतल्यानंतरचं काम

पक्षाघात होऊन गेलेल्या रुग्णाला घरी सोडताना जो कागद हातात देतात, त्यावर गोळ्यांची नावं असतात, रक्तदाबाचे आकडे असतात, पुन्हा दाखवायला कधी यायचं ती तारीख असते आणि तळाशी बहुतेक वेळा एक ओळ असते: फिजिओथेरपी चालू ठेवावी. उजवा हात आणि पाय लुळा पडलेल्या पन्नाशीच्या बाईनं उद्या सकाळी संडासला कसं बसायचं, परकराची नाडी एका हातानं कशी बांधायची, बादलीतून पाणी घेताना तोल गेला तर धरायचं काय, यातलं काहीच त्या कागदावर नसतं. डॉक्टरांना याची फिकीर नसते असं नाही. हे प्रश्न ज्याच्याकडे सोपवायचे, तो माणूसच आपण नेमलेला नाही.

तो नेमायला हवा, असं माझं ठाम मत आहे. ऑक्युपेशनल थेरपिस्टच्या, म्हणजे रोजची कामं पुन्हा करायला शिकवणाऱ्या तज्ज्ञाच्या, देखरेखीखाली काम करणारा, रीतसर शिकलेला, पगारी सहायक. तो रुग्णाच्या घरी जाईल, त्याच्या मोरीत उभा राहून बघेल, ओट्याची उंची मोजेल, आणि रोजची कामं रुग्णाकडूनच करून घेईल. अमेरिकेत असा वर्ग १९५८ पासून आहे. तिथल्या व्यावसायिक संघटनेनं त्या वर्षी सहायकांच्या शिक्षणाला मान्यता दिली. आज साधारण दोन वर्षांचं शिक्षण आणि परीक्षा झाल्यावर हे काम करता येतं. तपासणी आणि उपचारांची आखणी थेरपिस्ट करतो, आणि ती आखणी रोजच्या कामात उतरवणारा सहायक असतो. आपल्याकडे वर थेरपिस्ट आहेत, तेही मुख्यतः मोठ्या शहरांतल्या मोठ्या रुग्णालयांत. आणि खाली थेट आया, वॉर्डबॉय आणि घरची माणसं. मधली पायरी नाही. ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या राष्ट्रीय कार्यक्रमात, ग्रामीण रुग्णालयाच्या पातळीवर घरोघर जाणाऱ्या पुनर्वसन कार्यकर्त्याची कल्पना मांडलेली आहे, पण ती साठीपुढच्यांसाठी. परांचीवरून पडून चाळिशीत मणका मोडलेला रंगारी तिच्यात बसत नाही, आणि कडबाकुट्टीत हात गेलेला पंचविशीतला शेतकरीही बसत नाही.

या सहायकाचं काम नेमकं काय, ते तपशिलात शिरल्याशिवाय कळत नाही. म्हणून आधी तपशीलच बघू.

पक्षाघातानंतर सदरा घालायचा असेल तर लुळा हात आधी बाहीत घालायचा, मग डोकं किंवा दुसरा हात. काढताना याच्या उलट: चांगला हात आधी बाहेर. एवढंसं सूत्र, पण ते ठाऊक नसलं तर बायको किंवा मुलगा रोज सकाळी तो हात ओढून बाहीत घालतो. लुळ्या हाताच्या खांद्याचे स्नायू सैल पडलेले असतात. हाताच्या नुसत्या वजनानंही सांधा खाली उतरू शकतो. अशा रुग्णाला उठवताना काखेत हात घालून किंवा दंडाला धरून ओढलं, की खांदा दुखायला लागतो. दुखायला लागला की रुग्ण हात हलवू देत नाही, आणि मग तो हात खरोखरच जायबंदी होतो. ओढणारा माणूस प्रेमानं ओढत असतो. त्याला कुणी दाखवलेलंच नसतं की कमरेला पट्टा बांधून, गुडघ्यासमोर आपला गुडघा लावून, रुग्णाला पुढे झुकायला सांगून उठवायचं असतं.

मणक्याच्या दुखापतीत ही गोष्ट आणखी नाजूक होते. मानेतल्या मज्जारज्जूला सहाव्या खंडाच्या जवळपास इजा झाली तर मनगट वर उचलता येतं, पण बोटं मिटत नाहीत. अशा हाताला निसर्गानं एक सोय ठेवलेली आहे. मनगट वर उचललं की बोटांचे ताठलेले कंडरे आपोआप ओढले जातात आणि बोटं मिटतात; मनगट खाली सोडलं की उघडतात. एवढ्या पकडीत चमचा धरता येतो, कागद उचलता येतो, फोन घेता येतो. पण घरचं कुणी तरी रोज ‘व्यायाम’ म्हणून मनगट मागे आणि बोटं सरळ अशी एकदम ताणत राहिलं, तर ते कंडरे सैल पडतात आणि ती पकड गमावली जाते. चांगल्या हेतूनं केलेली मालीश माणसाच्या हातातला घास काढून घेते. हे सांगायला न्यूरोसर्जन घरी येणार नाही. थेरपिस्टनं रुग्णालयात एकदा सांगितलेलं महिन्याभरात विस्मरणात जातं. आठवड्यातून दोनदा घरी येणारं कुणीतरी असेल तरच ते टिकतं.

स्वयंपाकघराचं बघा. एका हातानं कणीक मळायची तर परात फिरते. परातीखाली ओलं, पिळलेलं फडकं ठेवलं की ती जागची हलत नाही. बटाटा सोलायचा तर पाटावर खालून दोन खिळे मारायचे आणि बटाटा त्यात खोचायचा. धरायला दुसरा हात लागत नाही. आपली विळी तर मुळातच विचार करायला लावणारं साधन आहे: तिचं पातं स्थिर असतं आणि भाजी फिरते, म्हणजे सुरीपेक्षा ती एका हाताला अधिक सोयीची. अडचण एवढीच की तिच्यासाठी खाली बसावं लागतं आणि पाट पायानं दाबून ठेवावा लागतो. तीच विळी ओट्याच्या कडेला घट्ट आवळून बसवली, तर उभ्यानं किंवा उंच स्टुलावर बसून भाजी चिरता येते. परदेशी साहित्याच्या यादीत ही कल्पना सापडणार नाही. ती कुणाच्या तरी स्वयंपाकघरात उभं राहून, त्या बाईला विचारूनच सुचते.

संधिवातानं बोटं वाकडी होऊ लागलेल्या बाईला शिकवायचं ते वेगळंच. पिशवी बोटांत न लटकवता कोपराजवळ घ्यायची. तवा किंवा पातेलं एका हाताच्या चिमटीत न उचलता दोन्ही तळव्यांवर पेलायचं. चमच्याच्या दांड्याला सायकलची जुनी ट्यूब गुंडाळून तो जाड करायचा, म्हणजे मूठ पूर्ण आवळावी लागत नाही. दिवसाची कामं अशी लावायची की जड काम आणि विसावा एकाआड एक येतील. भाजलेल्या रुग्णाचं आणखी वेगळं. मान किंवा कोपर ज्या स्थितीत ठेवलं की दुखत नाही, त्याच स्थितीत जखम आवळत बरी होते आणि सांधा तिथेच अडकतो. त्यामुळे रात्रभर स्प्लिंट बांधून ठेवायला लावणं, आणि तो का बांधायचा हे पुन्हापुन्हा समजावणं, हेही कुणाचं तरी काम असतं. आज ते कुणाचंच नाही.

याला कुणी किरकोळ म्हणेल. आंघोळ, कपडे, संडास, स्वयंपाक. यात शास्त्र ते काय? पण प्रौढ माणसाचं आयुष्य याच कामांनी भरलेलं असतं. अंथरुणाला खिळलेल्या पुरुषाला मुलीनं धुवावं लागणं, सुनेसमोर कपडे बदलावे लागणं, यानं जो माणूस आतून मोडतो त्याला औषध नाही. लहान मूल दुसऱ्यावर विसंबून असतं ते साहजिक असतं. प्रौढाकडे मात्र कालपर्यंत हे सगळं स्वतः करत असल्याची आठवण असते. नवराबायकोच्या शरीरसंबंधाचा प्रश्नही या उपचारपद्धतीत रोजच्या जगण्याचाच भाग मानला जातो, आणि आपल्याकडे तो विचारायलाही कुणी नसतं.

आता सगळ्यात अवघड मुद्दा. तो सरकारकडे बोट दाखवून सुटत नाही. आपल्या घरांत आजाऱ्याची सेवा हे प्रेमाचं माप आहे. आजाऱ्यानं उठून पाणी घेतलं तर घरच्यांना लाज वाटते, शेजारी काय म्हणतील याची धास्ती वाटते. म्हणून घास भरवला जातो, चहा हातात दिला जातो, तोंड पुसलं जातं. या सेवेनं हात मारला जातो, असं म्हणणं कठोर वाटेल, पण त्यामागे शास्त्र आहे. मेंदूला इजा झाल्यावर हात वापरायचा प्रयत्न सुरुवातीला फसतो. फसला की माणूस तो हात वापरणं सोडतो, आणि पुढे मेंदू सावरला तरी न वापरण्याची सवय तशीच राहते. एडवर्ड टाउब या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं हे दाखवून दिलं आणि त्यावरून एक उपचार बसवला: चांगला हात हातमोज्यात अडकवून ठेवायचा आणि दुबळ्या हाताला कामाला लावायचं. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत पक्षाघाताला तीन ते नऊ महिने झालेले, हातात थोडी हालचाल उरलेले २२२ रुग्ण होते. दोन आठवडे जागेपणीचा बहुतेक सगळा वेळ चांगला हात बांधून रोज काही तास सराव केलेल्यांचा हात अधिक सुधारला, आणि ती सुधारणा वर्षभरानंतरही टिकून होती. आता असा सराव सूनबाई करून घेऊ शकेल का, याचा विचार करा. सासऱ्यांचा चांगला हात बांधायचा, ते चिडतात, रडतात, वाटी सांडतात, आणि तरीही मदत करायची नाही. घरच्या माणसाला हे जमत नाही, आणि त्यासाठी त्याला दोषही देता येत नाही. बाहेरून आलेला, ज्याच्या शब्दाला वजन आहे असाच माणूस ‘तुम्ही स्वतः करा, मी बसलोय’ असं म्हणू शकतो.

इथे एका भारतीय संशोधनाची दखल घेतलीच पाहिजे, कारण ते वरवर पाहता माझ्या म्हणण्याच्या विरोधात जातं. घरच्या माणसाला शिकवून पक्षाघाताच्या रुग्णाचं पुनर्वसन घरीच करता येईल का, हे तपासायला देशातल्या १४ रुग्णालयांत १,२५० रुग्णांवर चाचणी झाली. ‘अटेंड’ या नावानं ती ओळखली जाते आणि तिचे निष्कर्ष २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले. सहा महिन्यांनी पाहिलं तर घरच्यांना शिकवलेल्या गटात आणि नेहमीचे उपचार मिळालेल्या गटात मृत्यू आणि परावलंबन यांचं प्रमाण जवळपास सारखंच निघालं. म्हणजे फायदा दिसला नाही. यावरून कुणी म्हणेल, की घरातलं पुनर्वसन हे थोतांड आहे, पैसे वाचवा. मी त्यातून वेगळा अर्थ काढतो. तो सिद्ध झालेला निष्कर्ष आहे असा माझा दावा नाही, पण तो विचारात घ्यावा. ‘घरचे लोक करतील की’ हा आपल्या व्यवस्थेचा आवडता तोडगा आहे. चाचणीनं तो तोडगाच तपासला आणि तो पुरा पडला नाही. दुसरीकडे, प्रशिक्षित ऑक्युपेशनल थेरपिस्टनी रोजच्या कामांवर लक्ष ठेवून केलेल्या उपचारांनी पक्षाघाताच्या रुग्णांचं स्वावलंबन वाढतं, हे अनेक चाचण्यांचा एकत्रित आढावा घेणाऱ्या अभ्यासांतून पुढे आलेलं आहे. फरक पडतो तो करणाऱ्याच्या शिक्षणानं आणि सातत्यानं.

घरी जाऊन काम करणाऱ्या शिकवलेल्या माणसाची ताकद महाराष्ट्राला नवी नाही. १९७० च्या दशकात जामखेडला मेबल आणि रजनीकांत आरोळे यांनी गावातल्या, बहुतेक अल्पशिक्षित बायकांना आरोग्य कार्यकर्त्या म्हणून घडवलं. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’नं गावातल्याच बायकांना आरोग्यदूत म्हणून शिकवून नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घेतली, आणि नवजात मृत्युदर सुमारे ६२ टक्क्यांनी घटला. १९९९ मध्ये तो अभ्यास ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. डॉक्टरांच्या हातातलं मानलं गेलेलं काम, नीट शिकवलं आणि नियमित देखरेख ठेवली तर गावातली बाई करू शकते, हे आपण जगाला दाखवलं. त्याच गडचिरोलीत पुढे ८६ गावांतल्या मृत्यूंची पाहणी झाली, तेव्हा दर सात मृत्यूंमागे एक पक्षाघातानं झालेला आढळला. मृत्यूच्या कारणांत तो पहिल्या क्रमांकावर होता. २०१५ मध्ये हे प्रसिद्ध झालं. ज्या गावांत पक्षाघातानं इतके लोक दगावतात, तिथे त्यातून वाचून लुळे पडलेलेही असणारच. बाळांसाठी आरोग्यदूत गेला, तसा या माणसांसाठी कुणी का जाऊ नये?

ऑक्युपेशनल थेरपीची भारतातली सुरुवातही महाराष्ट्रातलीच आहे. एलिझाबेथ लुंडी नावाची अमेरिकी क्वेकर तरुणी १९३० साली भारतात आली, विष्णू निंबकरांशी तिचा विवाह झाला आणि ती कमला निंबकर झाली. पुढे अमेरिकेत जाऊन तिनं ऑक्युपेशनल थेरपीचं शिक्षण घेतलं आणि १९५० मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात या विषयाची भारतातली पहिली शाळा काढली. १९५२ मध्ये अखिल भारतीय संघटना स्थापन झाली, आणि त्याच वर्षी जागतिक महासंघ उभा राहिला तेव्हा त्याच्या दहा संस्थापक देशांत भारत होता. फलटणच्या कमला निंबकर बालभवनामुळे हे नाव मराठी पालकांना माहीत आहे. पण ज्या विद्येसाठी तिनं आयुष्य वेचलं ती मराठी घरांत अजून पोचलेली नाही. आपण इतक्या लवकर सुरुवात केली आणि सत्तर वर्षांनंतरही ती विद्या मोठ्या रुग्णालयाच्या एका मजल्यावर अडकून राहिली, याची मला खंत वाटते.

ती अडकली याचं एक कारण म्हणजे अपंगत्व मोजण्याची आपली पद्धत. दाखला मिळतो तो टक्क्यांवर. २०१६ च्या कायद्यानं दिव्यांगत्वाचे २१ प्रकार मानले आणि ४० टक्क्यांची रेषा आखली. सवलती त्या रेषेच्या पुढच्यांना. अंगठा गेलेल्या शिंप्याचं आणि अंगठा गेलेल्या शिक्षकाचं नुकसान कागदावर एकच भरतं, आणि जगण्यात त्यात जमीन-अस्मानाचं अंतर असतं. रुग्णालयांत वापरली जाणारी मापंही अशीच अपुरी. १९६५ मध्ये मेरीलँडमध्ये तयार झालेला बार्थेल निर्देशांक आजही जगभर वापरतात: जेवण, आंघोळ, कपडे, संडास, जिने अशी दहा कामं, एकूण १०० गुण. त्याच्या कर्त्यांनीच लिहून ठेवलं होतं की १०० गुण मिळाले म्हणजे माणूस स्वयंपाक करेल, घर सांभाळेल, चारचौघांत वावरेल असं नाही. आपल्याकडे तर उकिडवं बसणं, मांडी घालणं, जमिनीवरून उठणं, साडीच्या निऱ्या घालणं यांपैकी काहीच त्यात नाही. १०० गुण मिळवून घरी गेलेली आजी पंगतीला बसू शकत नाही आणि शेतात आडोशाला जाऊ शकत नाही.

जयपूर फूट का टिकला, याचं उत्तर इथे आहे. १९६८ च्या सुमारास कारागीर रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी जो पाय घडवला, तो अनवाणी चालायला, चिखलात उतरायला, उकिडवं बसायला चालेल असा होता. लोक कसे जगतात इथून त्यांनी सुरुवात केली. हातांच्या बाबतीत आपण असं केलं नाही. कडबाकुट्टीत किंवा उसाच्या चरकात हात गेलेल्या माणसाला शिबिरात कृत्रिम हात मिळतो, फोटो निघतो, आणि पुष्कळदा तो हात कपाटात जातो. दिसायला तो हातासारखा असतो, पण त्यानं खुरपं धरता येत नाही, दोरीला गाठ मारता येत नाही. त्याच्या गावी जाऊन, त्याच्याबरोबर गोठ्यात उभं राहून, कोणतं काम कशानं जमेल हे बघणारं कुणी नव्हतं. बिनसंवेदनेच्या हातांच्या कुष्ठरुग्णांबरोबर काम करणाऱ्यांना हे फार पूर्वी कळलं होतं. वेल्लोरला पॉल ब्रँड यांनी शस्त्रक्रिया करून बोटं सरळ केली, पण त्या हातांना कळ समजत नसल्यामुळे अवजाराच्या कडेनं, गरम भांड्यानं पुन्हा जखमा होत. म्हणून अवजारांच्या मुठी बदलाव्या लागल्या आणि काम करायची पद्धत शिकवावी लागली. शस्त्रक्रिया हा त्या हातांच्या उपचाराचा अर्धाच भाग होता.

आता या प्रस्तावावरचे आक्षेप. पहिला आक्षेप थेरपिस्टांकडूनच येतो आणि तो निराधार नाही: सहायक आले की रुग्णालयं स्वस्तातला सहायक ठेवतील आणि पदवीधराला काढतील. अमेरिकेचा अनुभव सावध करणारा आहे. तिथे २०२२ पासून मेडिकेअर या सरकारी विम्याची बाह्यरुग्ण योजना सहायकानं दिलेल्या सेवेला नेहमीच्या दराच्या ८५ टक्केच पैसे देते. एकाच कामाचे असे दोन भाव झाले, की कुणाचं काम कमी मोलाचं हे सरकारच ठरवून टाकतं, आणि कोणता रुग्ण कुणाकडे जाईल हे गरजेऐवजी पैसा ठरवू लागतो. म्हणून आपल्याकडे हा वर्ग करायचा तर थेरपिस्टची जागा भरायला नको. जिथे आज कुणीच जात नाही तिथे, सार्वजनिक पैशानं, आणि एका थेरपिस्टमागे ठरावीक सहायक अशा बांधणीनं करायला हवा. तपासणी थेरपिस्टनंच करावी, आणि दर काही आठवड्यांनी त्यानं स्वतः घरी जाऊन बघावं. देखरेखीविना सहायक हा अर्धवट उपचार ठरेल, हे मला मान्य आहे.

दुसरा आक्षेप पैशाचा. त्याला मी फार वेळ देणार नाही. एका घरात एक माणूस अंथरुणाला खिळला की दुसऱ्या एका माणसाची कमाई थांबते, आणि ती बहुतेक वेळा बाईची असते: सून, बायको, मुलगी. तिची बुडालेली मजुरी सरकारच्या हिशेबात येत नाही म्हणून सहायकाचा पगार महाग वाटतो.

कायद्यानं वाट मोकळी आहे. संलग्न आणि आरोग्यसेवा व्यवसायांसाठी २०२१ मध्ये झालेल्या राष्ट्रीय आयोगाच्या कायद्यात दोन पायऱ्या आहेत: एक किमान ३,६०० तासांच्या पदवीची, आणि तिच्या खाली किमान २,००० तासांच्या पदविकेची किंवा पदवीची, दोन ते चार वर्षांत पूर्ण करायची. या खालच्या पायरीवर ऑक्युपेशनल थेरपी सहायकाला उभं करता येईल. अभ्यासक्रमाचा मोठा भाग वर्गाबाहेर असावा. शरीररचना, पक्षाघात, मणक्याची दुखापत, भाजणं, संधिवात, अवयव गमावणं एवढं शिकलं, की उरलेला काळ वाड्या-वस्त्यांतल्या खऱ्या घरांत घालवावा. रुग्णाला उचलण्याची पद्धत, अंथरुणातल्या जखमा ओळखणं, सुतारकामाची थोडी ओळख, मोरीत पकडायला दांडा कुठे आणि किती उंचीवर बसवायचा, हे सगळं हातानं करून शिकलं पाहिजे.

कामाची सुरुवातही यादीवरून होऊ नये. कॅनडात १९९१ मध्ये एक पद्धत प्रसिद्ध झाली, तिच्यात रुग्णालाच विचारतात की तुम्हाला करायची आहेत पण जमत नाहीत अशी कामं कोणती, त्यांतली महत्त्वाची कोणती, आणि आज ती किती जमतात याला तुम्हीच गुण द्या. सहायकानं पहिल्या भेटीत एवढंच विचारावं. एखादा म्हणेल देवपूजा, एखादी म्हणेल नातवाला न्हाऊ घालणं, एखादा म्हणेल दुकानाच्या गल्ल्यावर बसणं. उपचार तिथून सुरू व्हावेत, आणि तीन महिन्यांनी गुण पुन्हा त्यालाच द्यायला सांगावेत.

हे काम कुणी करावं, याबद्दल मला एक आग्रहानं सांगायचं आहे. ऑक्युपेशनल थेरपीच्या व्यवसायाचा पाया १९१७ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या क्लिफ्टन स्प्रिंग्ज इथे घातला गेला, तेव्हा पुढाकार घेणारा जॉर्ज बार्टन हा वास्तुविशारद स्वतः डाव्या बाजूनं लुळा होता. त्यानं स्वतःच्या शरीरावर आधी प्रयोग केले होते. सहायकांच्या जागा भरताना अशा माणसांना प्राधान्य द्यावं. एका हातानं पाच वर्षं स्वयंपाक केलेली बाई, चाकाच्या खुर्चीतून दुकान चालवणारा माणूस, कृत्रिम पायावर शेत करणारा माणूस. त्यांना शिकवायचं शास्त्र थोडं असेल, पण नव्यानं अपंग झालेल्या माणसाच्या दारात ते उभे राहिले की त्याच्या मनातला पहिला प्रश्न, आता माझं कसं होणार, तो विचारायच्या आधीच त्याला समोर कुणीतरी दिसेल. त्यातही बायकांची संख्या जास्त हवी, कारण आंघोळ आणि कपडे यांचं शिक्षण बाई बाईकडूनच घेईल. गडचिरोली किंवा सातारा, कुठल्याही एका जिल्ह्यातल्या एका तालुक्यात दोन थेरपिस्ट आणि दहा-बारा सहायक नेमून तीन वर्षं हे करून बघायला हवं, आणि त्याचे निकाल चांगले येवोत की वाईट, ‘अटेंड’सारखेच प्रामाणिकपणे छापायला हवेत.